देवरावांचं ‘काही नेम नाही’

नंदनवन वस्तीतले देवराव लांजेवार सकाळी फिरायला निघतात. पायात चपला, हातात काठी, फाटक अर्धं उघडलेलं. अशा वेळी कोणी विचारलं, "काय देवरावजी, फिरायला?" तर ते म्हणतात, "हाव, निघालो तर आहो. पोचतो का नाही, काही नेम नाही." विचारणारा हसतो. देवराव हसत नाहीत. त्यांनी ते विनोदानं म्हटलेलंच नसतं.

आता ‘नेम नाही’ हे शब्द काही देवरावांच्या एकट्याच्या मालकीचे नाहीत. आपण सगळेच ते उठताबसता वापरतो. नळाचा नेम नाही, विजेचा नेम नाही. कूलर धुऊनपुसून खिडकीत बसवावा आणि संध्याकाळी गारा पडाव्यात, म्हणून आभाळाचा नेम नाही. भर रस्त्यात मध्येच थांबणाऱ्या ई-रिक्षाचा तर मुळीच नाही. ज्याचं पुढचं पाऊल कुठे पडेल ते सांगता येत नाही, त्याच्याबद्दल बोलायचे हे शब्द. कधी त्यांत वैताग असतो, कधी धास्ती असते, तर कधी नुसता लाड असतो. "आमच्या धाकटीचा काही नेम नाही हो, आज म्हणते डॉक्टर होणार, उद्या म्हणते नाच शिकणार," असं म्हणणाऱ्या आईचा चेहरा पाहावा, म्हणजे कळतं. पण बोलून झालं की आपण ते विसरतो आणि कूलरमध्ये पाणी भरायला लागतो.

देवराव विसरत नाहीत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर. जेवायला येता का? नेम नाही. भाचीच्या बाळाच्या बारशाला जाणार ना? पाहू, काही नेम नाही. त्यांच्या बायकोनं, जयवंताबाईंनी, या दोन शब्दांपायी आयुष्यभर कपाळाला हात लावला आहे. पाहुण्यांसमोर त्या बिनधास्त सांगतात, "अंतरपाट धरला होता ना, तवा भटजीनं विचारलं असतं तर यायनं तिथंही म्हटलं असतं, काही नेम नाही!"

यात जयवंताबाई जरा तिखटमीठ लावतात, कारण लग्नाच्या वेळी देवराव असे नव्हते. नोकरीतही नव्हते. आणि नोकरी तरी कोणती, तर बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. गाडी कधी येईल, लागली का, सुटली का, हे लोकांना सांगण्यात त्यांची हयात गेली. त्या काळातले देवराव खिडकीतून वाकून ठसक्यात सांगायचे, "येतेच आता, बसा मावशी. नक्की येते." गाडी यायला उशीर झाला, तरी मावशी त्यांच्यावर चिडायची नाही. तिला थोडा वेळ निवांत बसायला मिळालेलं असायचं.

मग हे ‘नक्की’ गेलं कुठे, ते सांगायला हवं.

देवरावांच्या घराला लागूनच शोभाताईंचं घर आहे. शोभाताईंचे यजमान म्हणजे देवरावांचे जिवलग मित्र. दोघांनी बरोबर प्लॉट घेतले, एकाच गवंड्याकडून घरं बांधून घेतली, मधली भिंतही मुद्दाम बुटकी ठेवली. शोभाताईंचा मुलगा हर्षित अजून शाळेतसुद्धा जात नव्हता, तेव्हा हा मित्र एकाएकी आजारी पडला आणि दवाखान्यात दाखल झाला. शोभाताई त्यांच्या उशाशी बसलेल्या, पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही. त्या दिवशी दुपारी देवरावांना ते बघवेना. ते म्हणाले, "जा वहिनी, घरी जा. पोराले जेवू घाला, तुमीही दोन घास खा. तो नक्की घरी येते. मी सांगून राहिलो ना, नक्की."

शोभाताई गेल्या. संध्याकाळी यजमान घरी आले, पण कसे आले ते सांगायला नको.

त्या दिवसापासून देवरावांच्या जिभेवरून ‘नक्की’ उतरलं ते उतरलंच. त्यांच्या मनानं घेतलं, की आपण छातीठोकपणे काही बोललो की वर कोणीतरी ते ऐकतं आणि मुद्दाम उलटं करतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, जयवंताबाईंनासुद्धा नाही. सांगितलं असतं तर चारचौघांनी त्यांची समजूत घातली असती. पण माणूस ज्याला भितो, ते तो बहुधा सांगत नाही.

हर्षितला मात्र त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. हर्षित त्यांना मोठेबाबा म्हणायचा, अजूनही म्हणतो. शाळेत पोचवणं, सायकल शिकवणं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं देवरावांनी केलं. आणि प्रत्येक पायरीवर म्हणत राहिले, नेम नाही. दहावीला पास होते का, नेम नाही. इंजिनीअरिंग झेपते का, नेम नाही. मिहानच्या उद्योगनगरीतल्या कंपनीत लागला, तेव्हा सगळी गल्ली पेढे खात होती आणि हे म्हणत होते, "लागला खरा. टिकते का नाही, नेम नाही." दर वेळी पोरगं पार व्हायचं आणि देवरावांचा विश्वास आणखी पक्का व्हायचा, की आपण गप्प राहिलो म्हणून निभावलं.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याबद्दल ते बेलाशक सांगत, "नक्की एक तरी सडका बटाटा टाकते तो." ते उलटं झालं तरी यांचं काय जाणार होतं! ज्याच्यावर जीव जास्त, त्याच्या वाट्याला ‘नेम नाही’ जास्त, असा सगळा उलटा हिशेब होता.

गेल्या हिवाळ्यात हर्षितसाठी बुटीबोरीचं स्थळ आलं. मुलगी उन्नती. तिच्या वडिलांचं, ताराचंदजींचं, पाइप आणि नळांचं दुकान, आणि उन्नती शिकून तेच दुकान सांभाळते. मुलामुलीनं एकमेकांना पाहिलं, दोघं दोनदा भेटले, पसंत पडले. हर्षित जेवताना मोबाइलकडे बघून हसू लागला आणि शोभाताई त्याला भाजी वाढता वाढता देवाचे आभार मानू लागल्या. आता लग्नाची बैठक ठरायची तेवढी बाकी होती.

पण बैठकीच्या आधी चौकशी असते. फोटो, पत्रिका, पगार, सगळं हल्ली मोबाइलवर येतं. तरी शेवटचा शब्द शेजाऱ्याचा. मुलीकडचे लोक न कळवता येतात, "इकडे कामानं आलो होतो" म्हणतात, पाणी मागतात आणि हळूच मुलाची गोष्ट काढतात. ते कशाला आले हे शेजाऱ्याला ठाऊक असतं, आणि त्याला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक असतं. आणखी एक रीत आहे. मुलगा वाईट असेल, तरी शेजारी उघड वाईट बोलत नाही. कोणाचं लग्न मोडल्याचं पाप कोण घेईल? तो फक्त जरा अडखळतो, ‘चांगला आहे, पण...’ म्हणून छताकडे पाहतो. तेवढ्यानं समोरचा काय ते समजतो आणि चहा संपवून उठतो.

ताराचंदजी आपल्या साळ्याला घेऊन आले, तेव्हा जयवंताबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. त्या घरी असत्या, तर हे लिहायची वेळच आली नसती. देवरावांनी पाहुण्यांना बसवलं, स्वतः चहा केला.

"शेजारचा पोट्टा कसा आहे जी?" ताराचंदजींनी विचारलं.

देवरावांनी कपबशी त्यांच्यापुढे सरकवली. "चांगला आहे," ते म्हणाले.

"दारू-गिरू तर पेत नाही ना?"

"नाही. आजपर्यंत तर नाही."

ताराचंदजींनी साळ्याकडे पाहिलं. "नोकरी पक्की आहे म्हणतात."

"आता आहे. पुढचं कोणाले माहीत?"

"आमी पोरगी द्यावी का मंग? सुखात ठेवन ना?"

देवरावांच्या ओठांवर सगळं आलं होतं. असा पोरगा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, आईला पाण्याचा ग्लास हातात देतो, मला चष्मा सापडला नाही तर स्वतः पेपर वाचून दाखवतो. पण हे मोठ्यानं बोलायचं म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोलाची वस्तू उघड्यावर ठेवण्यासारखं होतं. त्यांनी नजर छताकडे नेली.

"आता काय सांगू बाप्पा," ते म्हणाले, "माणसाचा काय नेम?"

पाहुण्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि नमस्कार करून ते निघाले. देवरावांना अगदी हलकं वाटलं. आपण पोराला नीट जपलं, या समाधानात त्यांनी कपबशा विसळून ठेवल्या. जयवंताबाई आल्यावर त्यांनीच सगळं हौसेनं सांगितलं. ऐकता ऐकता जयवंताबाईंच्या हातातलं वाण खाली आलं.

"अजी, काय करून बसले तुमी!"

"काहून? वाईट बोललो का मी?"

"वाईट बोलले असते तर बरं झालं असतं! त्यायनं विचार तरी केला असता, की हा म्हातारा जळून राहिला."

झालं तसंच. बुटीबोरीहून, स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाकडे, निरोप आला, की सध्या घाई नको, थोडं थांबू. ‘थोडं थांबू’चा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो. ताटाशेजारी हर्षितचा मोबाइल उपडा पडून राहू लागला. तिकडे उन्नतीनं त्याला एकदाच लिहिलं होतं, की बाबांनी बोलायला मनाई केली आहे. मध्यस्थाकडून शोभाताईंना कारण कळलं, तेव्हा आधी त्यांचा विश्वासच बसला नाही. मग त्या बुटक्या भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे देवराव कुंड्यांना पाणी घालत होते.

"भाऊजी, माझ्या पोराले तुमी खांद्यावर खेळवलं. त्याच्यात काय खोट दिसली तुमाले?"

"खोट?" देवरावांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. "काही खोट नाही, वहिनी. सोन्यासारखं पोरगं आहे."

"मंग हे त्यायले काहून नाही सांगतलं?"

देवरावांनी पाइप खाली सोडला. पाणी त्यांच्या पायाशी साचलं. मग इतकी वर्षं जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून निघालं. "भेव वाटते. नक्की म्हणायचं भेव वाटते. एकदा म्हटलं होतं. तुमालेच म्हटलं होतं."

शोभाताई चिडून आल्या होत्या, भांडायचंच ठरवून आल्या होत्या. पण हे ऐकून त्यांनी भिंतीवर हात टेकला.

"मले आठवते ना," त्या म्हणाल्या. "तुमी नक्की म्हटलं म्हणून मी घरी आले. पोराले वरणभात चारला. मीही त्याच्याच ताटात जेवले. त्याच्यानंतर कितीक दिवस मले घास गेला नाही, पण त्या दुपारी गेला. तुमच्या शब्दावर गेला. मी तुमाले कधी बोल लावला का जी?"

"नाही."

"तो शब्द खोटा निघाला, त्याच्यात तुमच्या हातात काय होतं? पण मले त्या दिवशी तो पाहिजे होता, अन् तुमी देला. आता माझ्या पोराले पाहिजे होता, तर तुमी जपून ठेवला. कोणासाठी ठेवला, भाऊजी?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. देवराव तिथेच उभे. ज्या शब्दाची शरम बाळगून हा माणूस म्हातारा झाला, त्याच शब्दावर ती बाई त्या दिवशी जेवली होती. किती वर्षं वाया गेली! मध्ये एक बुटकी भिंत होती, रोज चहासाखरेची देवघेव होती, आणि ही एक गोष्ट तेवढी कोणी बोललं नव्हतं. मला तर त्या दोघांबद्दल नुसतं वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव धुतलेला सदरा घालून निघाले. "मी येऊ का संगं?" जयवंताबाईंनी विचारलं. "नको, माह्या हातानं झालं, मीच जातो," म्हणाले. बसमध्ये वर्धा रोडभर ते ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. शेजारच्या माणसाला वाटलं, काका जप करताहेत.

दुकानात ताराचंदजी गिऱ्हाईकाला नळ दाखवत होते. उन्नती गल्ल्यावर संगणकापाशी बसली होती. देवरावांना पाहून ताराचंदजी जरा चपापले, तरी रीतीप्रमाणे खुर्ची पुढे केली. देवराव बसले नाहीत.

"मी त्या दिवशी तुमाले बरोबर नाही सांगतलं," ते म्हणाले.

"म्हणजे खोटं सांगतलं?"

"खोटं नाही. भेवानं सांगतलं."

आणि मग तिथेच, पाइपांच्या ढिगाशी उभं राहून, देवरावांनी सगळं सांगितलं. मित्राचा आजार, ती दुपार, आपला शब्द आणि संध्याकाळ. सांगताना काही ठिकाणी ते थांबले, चुकले, मागचं पुढे झालं. गिऱ्हाईक नळ हातात धरून ऐकत राहिलं. उन्नतीची बोटं कळफलकावर थांबली होती.

"माहं लेकरू असतं तरी मी ‘नेम नाही’च म्हटलं असतं," देवराव म्हणाले. "माहंच लेकरू आहे तो."

ताराचंदजी व्यापारी माणूस, पण मुलीचा बाप आधी. तोंड पाहून ते पाघळणार नव्हते. "बरं," ते म्हणाले. "मंग आता सांगा. पोट्टा कसा आहे?"

खुर्चीची पाठ देवरावांनी घट्ट धरली.

"चांगला आहे. नक्की चांगला आहे. तुमच्या पोरीले सुखात ठेवन. नक्की ठेवन."

"अन् नाही ठेवलं तर?"

"तर त्याच्या दारात जाऊ नका, माह्या दारात या. मी त्याचा मोठेबाबा आहो."

ताराचंदजींनी मुलीकडे पाहिलं. उन्नतीनं मान खाली घातली, पण तिला हसू आवरत नव्हतं, आणि डोळे भरले होते ते निराळंच. "बसा देवरावजी," ताराचंदजी आता वेगळ्याच आवाजात म्हणाले. "उन्नती, चहा सांग बेटा. अन् मध्यस्थाले फोन लाव, म्हणावं रविवारी आमी येऊन राहिलो."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेला असा सुखी माणूस दुसरा नसेल. पण बुटीबोरी मागे पडली, ट्रकांच्या रांगा सुरू झाल्या, आणि देवरावांच्या मनात पाल चुकचुकली. आपण बोललो. चारचौघांत, मोठ्यानं, दोन-दोन वेळा बोललो. आता? हर्षित रोज याच रस्त्याला लागतो. संध्याकाळी मिहानहून मोटरसायकलवर एकटा येतो. त्यांनी पुढच्या बाकाचा दांडा धरला तो नंदनवन येईपर्यंत सोडला नाही.

दिवेलागणीला हर्षित घरी येतो. त्या दिवशी गल्लीतले दिवे लागले, तरी आला नाही. देवराव फाटकाशी जाऊन उभे राहिले. फोन लावला, तर तो सारखा व्यस्त. जयवंताबाईंनी चहाला हाक मारली, ते हलले नाहीत. शेजारी शोभाताईंना मध्यस्थाकडून रविवारचं कळलं होतं. त्या तोंड गोड करायला वाटीत साखर घेऊन बाहेर आल्या, आणि फाटकाशी उभ्या देवरावांचा चेहरा पाहून थबकल्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही. वाटी भिंतीवर ठेवून त्या देवरावांशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"शिफ्ट लांबली असन," त्या म्हणाल्या.

देवरावांनी मान हलवली. बोलायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. होतं तेवढं सगळं ते बुटीबोरीला देऊन आले होते. गल्लीत एक मोटरसायकल शिरली, ती दुसऱ्याची निघाली. मग आणखी एक शिरली, तीही पुढे निघून गेली. शोभाताई फाटकाबाहेर दोन पावलं गेल्या.

आणि मग हर्षितची गाडी आली. हेल्मेट काढता काढता त्याचा चेहरा नुसता फुललेला. "काय झालं? दोघंही बाहेर काहून उभे?"

"उशीर काहून केला?" देवराव ओरडलेच. हर्षितवर ते आजवर कधी ओरडले नव्हते.

"अजी मोठेबाबा, गाडी बाजूले लावून बोलत होतो ना," हर्षित लाजून म्हणाला. "उन्नतीचा फोन आला होता. दुकानातलं सगळं सांगून राहिली होती. तुमी काय बोलले, ते सगळं."

देवरावांनी गाडीचं हँडल धरलं आणि गल्लीतल्या सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडू लागले. हर्षित घाबरला. त्यानं आईकडे पाहिलं. शोभाताईंनी पदरानं आपले डोळे पुसले आणि मग देवरावांचा हात हँडलवरून हळूच सोडवला.

"चला, आत चला भाऊजी," त्या म्हणाल्या. "पोराले भूक लागली असन. आज सगळे माह्याकडेच जेवू."